डिजिटल काम नेमके कोणाचे, हे ठरवणाऱ्या मूल्यमापन समित्यांना खुले पत्र

विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या निवड, पदोन्नती, अनुदान व प्रबंधपरीक्षण समित्यांच्या सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापुढे येणाऱ्या अर्जांत पुस्तके आणि शोधनिबंध यांच्या जोडीला आता डिजिटल पाठावृत्त्या, डेटासेट, शब्दसंग्रह, नकाशे, विश्लेषणासाठी लिहिलेला कोड आणि संशोधकांनी संशोधकांसाठी बांधलेली सॉफ्टवेअर असतात. अशा कामाला विद्वत्तेचे काम म्हणावे की नाही, हा वाद मी येथे पुन्हा उकरून काढणार नाही. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या अमेरिकी संघटनेने त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००० साली स्वीकारली आणि २०१२ मध्ये त्यांची फेरमांडणी केली; अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने २०१५ मध्ये आपली तत्त्वे प्रसिद्ध केली; ज्या समित्या आजही असे काम ‘इतर उपक्रम’ या रकान्यात ढकलतात, त्या बहुधा केवळ सवयीने तसे करतात. माझे म्हणणे पुढच्या पायरीविषयी आहे. काम मान्य झाले, आता त्यात अर्जदाराचा वाटा किती, असा प्रश्न समिती विचारते आणि मूल्यमापन तेथेच घसरते. माझी विनंती अशी आहे की ‘किती’ विचारणे सोडावे, आणि कोणता निर्णय कोणी घेतला, त्यामागे कोणता युक्तिवाद होता व त्या निर्णयाबद्दल आज उत्तर देण्यास कोण बांधील आहे, हे विचारावे.

एकट्याने लिहिलेल्या पुस्तकाच्या बाबतीत वाटा मोजण्याची वेळच येत नसे. सहलेखन वाढले तसे प्रत्येक विद्याशाखेने आपापले संकेत पाडले आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. गणितात नावे सहसा वर्णानुक्रमाने येतात. प्रयोगशाळेतील जीवविज्ञानात पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांनी तर संयुक्त निबंधात दोघांपैकी एकाने काहीच भर घातली नसली तरी हरकत नाही, असे आपसांत ठरवून घेतले होते, असे हाराल्ड बोर या गणितज्ञाने नोंदवले आहे. आजच्या एखाद्या छाननी समितीने त्या दोघांचे काय केले असते, याची कल्पना करून पाहावी. दुसऱ्या टोकाला, हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाविषयी अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगगटांनी २०१५ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या निबंधावर ५,१५४ नावे आहेत, आणि त्याच्या ३३ पानांपैकी संशोधनाचा मजकूर फक्त ९ पानांचा आहे. अशा यादीतून टक्केवारी काढणे अशक्य आहे, आणि तसा आग्रह कोणी धरतही नाही. मग चारपाच जणांनी मिळून उभ्या केलेल्या डिजिटल आवृत्तीच्या बाबतीतच समितीला टक्केवारी का हवी असते, हे मला अद्याप उलगडलेले नाही.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष या संदर्भात बारकाईने वाचण्यासारखे आहेत. कामाच्या संकल्पनेत किंवा विश्लेषणात भरीव योगदान, मसुदा लिहिणे किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणे, अंतिम मजकुराला संमती देणे आणि कामाच्या सर्व बाजूंबद्दल उत्तरदायी राहण्याचे मान्य करणे, असे हे चार निकष आहेत. त्यांतील चौथा २०१३ मध्ये जोडला गेला. माझ्या मते चारांमध्ये सर्वांत टिकाऊ तोच आहे, कारण तो परिमाणाविषयी काहीच बोलत नाही. अडचण दुसऱ्या निकषाची आहे. विश्लेषणाची रीत ज्याने घडवली आणि कोडमध्ये उतरवली, त्याने गद्य मसुद्याला हात लावला नसेल, तर तो शब्दशः वाचन करणाऱ्यांच्या हिशेबी लेखक ठरत नाही. पहिला निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मसुद्यात सहभागी होण्याची संधी मिळाली पाहिजे, असे हीच समिती स्पष्टपणे सांगते. व्यवहारात मात्र ती संधी देण्याआधीच निबंध पाठवला जातो, आणि प्रोग्रॅमरचे नाव ऋणनिर्देशात जाऊन बसते.

परिमाणाचा मोह कोठवर नेऊ शकतो, याचे उदाहरण एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिले. इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या प्रकल्पाने कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध केली, प्रकल्पातील एक संशोधक केटी बाउमन यांचे छायाचित्र सर्वत्र पसरले, आणि त्यांचे श्रेय खोडून काढू पाहणाऱ्या काही जणांनी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील आकडे पुढे केले. त्यांचे म्हणणे असे की, सुमारे ९ लाख ओळींच्या कोडपैकी साडेआठ लाख ओळी अँड्र्यू चेल या सहकाऱ्याच्या आहेत, तेव्हा खरे श्रेय त्याचेच. चेल यांनी हा दावा त्याच वेळी जाहीरपणे फेटाळला. गिटहबने मोजलेल्या त्या ओळींतील बऱ्याचशा प्रारूपांच्या फाइलींमधल्या होत्या. प्रत्यक्ष सॉफ्टवेअरच्या ओळी ६८ हजारांच्या आसपास होत्या, आणि त्यांतल्या आपण किती लिहिल्या याची आपल्याला पर्वा नाही, असेही त्यांनी सांगितले. येथे विरोधकांचा हेतू वाईट होता हे उघड आहे. पण नेमकी तीच रीत सद्हेतूने वापरणाऱ्या समित्या आहेत, आणि अर्जासोबत योगदानाचा आलेख जोडण्याची सूचना देणारे नमुनेही प्रचारात येऊ लागले आहेत.

गिटसारखी आवृत्तिनियंत्रण प्रणाली, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारी व्यवस्था, खरोखर काय नोंदवते, हे म्हणूनच सदस्यांनी एकदा जवळून पाहावे. प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे एकावेळी जतन केलेल्या बदलात, दोन स्वतंत्र नोंदी असतात: बदल ज्याने लिहिला तो लेखक, आणि ज्याने तो भांडारात दाखल केला तो दाखलकर्ता. हा भेद उपयुक्त आहे, कारण दुसऱ्याचा बदल तपासून आत घेणे हेही जबाबदारीचे काम आहे आणि त्याची नोंद राहते. पण त्याच प्रणालीत अनेक कमिट एकत्र दाबून एकच कमिट करता येते, आणि मग तीन आठवड्यांची चर्चा, चुकलेले प्रयत्न व फेरविचार एका ओळीत जमा होतात. संपूर्ण कोडवर मांडणी सुधारणारे साधन एकदा चालवले, तर ओळ कोणी बदलली हे दाखवणारी आज्ञा जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे ते साधन चालवणाऱ्याचेच नाव दाखवू लागते. एखाद्याने संस्था बदलली, ईमेल पत्ता बदलला आणि जुना पत्ता खात्याला जोडलेला राहिला नाही, की त्याच्या कमिट गिटहबसारख्या संकेतस्थळावरच्या आलेखात त्याच्या नावावर दिसतच नाहीत. दोघांनी एका संगणकापुढे बसून लिहिलेला भाग, सहलेखकाची ओळ मुद्दाम लिहिली नाही, तर एकट्याचाच दिसतो. ही नोंद पुरावा म्हणून मोलाची आहे, हे मी नाकारत नाही. निर्णय कधी बदलला, कोणाच्या आक्षेपावरून बदलला, हे शोधायला तिच्याइतके चांगले साधन नाही. ती वाचायची असते. तिची बेरीज करून हाती काही लागत नाही.

आणि वाचायचे म्हणजे काय वाचायचे, तेही सांगते. मी पाठसंपादन आणि सॉफ्टवेअर-विकास या दोन्ही बाजूंनी काम करते, त्यामुळे एक अगदी साधा भाग घेते: हस्तलिखितांच्या सूचीतील तारखेचा रकाना. डेटाबेस बांधणाऱ्याने तो रकाना केवळ पूर्ण तारीख स्वीकारेल असा ठेवला, तर ‘१८५० च्या सुमारास’ ही नोंद आत जाऊच शकत नाही. भरणारा माणूस नाइलाजाने १ जानेवारी १८५० असे लिहितो, आणि पाच वर्षांनी कोणीतरी त्या सूचीवरून आलेख काढतो तेव्हा जानेवारीच्या पहिल्या तारखेला हस्तलिखितांचा पूर आलेला दिसतो. याउलट, बांधणाऱ्याने ‘याआधी नव्हे’ आणि ‘यानंतर नव्हे’ असे दोन रकाने केले, तारीख कशावरून ठरवली यासाठी तिसरा रकाना ठेवला (कागदावरचा जलचिन्हाचा ठसा, मजकुरातील उल्लेख, नंतरच्या मालकाने केलेली नोंद), आणि दोन तज्ज्ञांची दोन मते शेजारी ठेवता येतील अशी सोय केली, तर त्याने कालनिश्चितीविषयी एक भूमिका घेतलेली असते. ही भूमिका छापील ग्रंथाच्या प्रस्तावनेत तीन पाने व्यापते आणि समिती तिचे कौतुक करते. डेटाबेसमध्ये ती या रकान्यांच्या रचनेत असते, म्हणून ती तांत्रिक कामात मोजली जाते. हस्तलिखितातील खाडाखोड मूळ लेखकाची की नंतरच्या वाचकाची, हे कसे चिन्हांकित करायचे, वाचता न आलेले अक्षर आणि अंदाजाने भरलेले अक्षर वेगळे दिसावे की नाही, शोध घेताना वेगवेगळ्या लेखनपद्धतींचे रूप एक मानायचे की निरनिराळे, असे शेकडो निर्णय असतात. त्यांतला प्रत्येक चुकीचाही ठरू शकतो, आणि चुकीचा ठरू शकणारा निर्णय घेऊन त्याचे समर्थन करणे, याला आपण एरवी संशोधनच म्हणतो.

या निर्णयांवर नाव लिहिण्याची सोय नाही, अशी सबब मात्र सांगता येत नाही. पाठांच्या चिन्हांकनासाठी टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हने ठरवून दिलेल्या पद्धतीत प्रत्येक फाइलीच्या शिरोभागी जबाबदारीचे विधान लिहिता येते: कोणी लिप्यंतर केले, कोणी तपासले, कोणी चिन्हांकन केले, हे नावानिशी. संशोधन-योगदानाच्या १४ भूमिकांची ‘क्रेडिट’ ही वर्गवारी अनेक प्रकाशकांनी स्वीकारली असून २०२२ मध्ये तिला अमेरिकेत औपचारिक मानकाचा दर्जा मिळाला. नामसाधर्म्याचा घोळ टाळण्यासाठी प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र ओळख देणारा ऑर्किडचा १६ अंकी क्रमांक २०१२ पासून उपलब्ध आहे. सॉफ्टवेअरचा संदर्भ कसा द्यावा याची तत्त्वे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी केवळ संशोधन-सॉफ्टवेअरचे परीक्षण करणारे, कोड व त्याचे दस्तऐवजीकरण प्रत्यक्ष तपासणारे नियतकालिकही सुरू झाले. क्रेडिट वर्गवारी परिपूर्ण आहे असे मी म्हणणार नाही. त्यात ‘सॉफ्टवेअर’ ही एकच भूमिका असल्यामुळे रचना ठरवणारा आणि एक चूक दुरुस्त करणारा एकाच खणात येतात, आणि प्रमुख, समान किंवा साहाय्यक अशी पातळी लिहिणे ऐच्छिक आहे. तरीही ती कोऱ्या रकान्यापेक्षा पुष्कळ बरी, आणि तिच्याखाली प्रत्येकाने घेतलेल्या निर्णयांविषयी चार वाक्ये लिहायला कोणी अडवलेले नाही.

नाव न लिहिल्याने काय होते, याचा दाखला या क्षेत्राच्या उगमापाशीच आहे. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या समग्र लेखनाची शब्दसूची संगणकीय साधनांनी करण्याचा रोबेर्तो बूझा या इटालियन धर्मगुरूंचा प्रकल्प, ज्याला १९४९ च्या सुमारास आयबीएमचे साहाय्य मिळाले, तो डिजिटल मानव्यविद्येचा आरंभ म्हणून सांगितला जातो. त्या सूचीचे ५६ खंड बूझा यांच्या नावाने ओळखले जातात. पंचकार्डांवर (छिद्रांच्या रूपात माहिती नोंदवण्याच्या कार्डांवर) तो लॅटिन मजकूर उतरवणाऱ्या आणि पडताळणाऱ्या ज्या तरुणी इटलीतील गाल्लाराते येथे प्रशिक्षण घेऊन काम करत होत्या, त्यांची नावे अर्धशतकाहून अधिक काळ कोणी विचारली नाहीत; ज्युलियन नायहन आणि मेलिसा टेरास या अभ्यासकांनी छायाचित्रे व मुलाखती यांच्या आधारे तो शोध अलीकडे घेतला. त्या सगळ्या सहलेखिका होत्या असे माझे म्हणणे नाही. त्यांच्यापैकी कोणी कोणते निर्णय घेतले हे आज नक्की सांगता येत नाही, कारण ते तेव्हा नोंदवले गेले नाही, आणि ही उणीव नंतरच्या कोणत्याही समितीला भरून काढता येणार नाही.

देखभालीचा मुद्दा थोडक्यात मांडते, कारण तो समजायला सोपा आहे आणि तरी सातत्याने दुर्लक्षिला जातो. पुस्तक छापून झाले की लेखक मोकळा होतो. डिजिटल काम मात्र पायाखालची जमीन सरकली की बंद पडते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी संकेतस्थळांवर चलचित्रे व परस्परसंवादी मजकूर दाखवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला तेव्हा त्यावर उभ्या असलेल्या अभ्यासपूर्ण प्रकल्पांचे दरवाजे बंद झाले. पायथन या प्रोग्रॅमिंग-भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि जुना कोड नव्या आवृत्तीत आणण्याचे काम असंख्य संशोधकांना करावे लागले. जो संशोधक दहा वर्षे एखादा डेटासेट जिवंत, दुरुस्त आणि वाचनीय ठेवतो, त्याच्या अर्जात त्या दहा वर्षांसाठी समितीला काहीच दिसत नाही, कारण ‘प्रकाशन वर्ष’ या रकान्यात एकच वर्ष बसते. दुसरीकडे, काम सतत बदलते म्हणून परीक्षण कशाचे करावे हा आपला प्रश्नही रास्त आहे, आणि त्याला उत्तर आहे: झेनोडोसारख्या भांडारात ठेवलेल्या विशिष्ट आवृत्तीला स्वतंत्र डीओआय (कायमस्वरूपी ओळख-क्रमांक) मिळतो, त्या आवृत्तीचे परीक्षण करावे आणि पुढील आवृत्तीत काय बदलले याची नोंद अर्जदाराकडून मागावी.

आता अशा एका प्रथेविषयी, जी वेळीच थांबली नाही तर पुष्कळ माणसांचे नुकसान करील. अर्जदाराचा मजकूर किंवा कोड यंत्राने लिहिला आहे का, हे ठरवण्यासाठी टक्केवारी सांगणारी साधने काही परीक्षक वापरू लागले आहेत. मजकुरावरून लेखक ओळखण्याची विद्या जुनी आणि प्रतिष्ठित आहे, म्हणून या साधनांनाही तीच प्रतिष्ठा आपोआप मिळते. ती त्यांना मिळू नये. अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ अठराव्या शतकात लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ या ८५ निबंधांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, या वादावर मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेले काम आठवावे. त्यांच्यापुढे नेमके दोनच दावेदार होते, दोघांचे निर्विवाद लेखन हाताशी होते, विषय व काळ एकच होता, आणि त्यांनी लेखकाच्या नकळत लेखणीतून उतरणारे लहानसहान शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन सर्रास वापरतो, मॅडिसन क्वचितच. निष्कर्ष मॅडिसनच्या बाजूने गेला, आणि तो संभाव्यतेच्या भाषेत, रीत उघड करून मांडला गेला. यंत्रलेखन ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनापुढे यांतले काहीच नसते: दावेदार निश्चित नसतात, अर्जदाराचे तुलनीय लेखन तपासलेले नसते, आणि आकडा कसा काढला हे परीक्षकालाही ठाऊक नसते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचेच असे साधन अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सात साधनांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले. परक्या भाषेत जपून, ठरावीक शब्दांत लिहिणाऱ्या संशोधकावर या आकड्याच्या आधारे संशय घेणे, हे मूल्यमापन म्हणता येणार नाही.

मग यंत्राचे साहाय्य घेतलेल्या कामाचे काय करावे? प्रकाशन-नीतीविषयक समितीने आणि वर उल्लेखलेल्या वैद्यकीय संपादकांच्या समितीने २०२३ मध्ये घेतलेली भूमिका पुरेशी आहे: असे साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही, आणि त्याचा वापर जाहीर केला पाहिजे. कोडचा मोठा भाग साहाय्यक साधनाने सुचवला असेल तर अर्जदाराने तसे सांगावे. समितीने मुलाखतीत त्यातील एक रचना निवडावी, दुसरी कोणती शक्य होती, ती का नाकारली, ही रचना कोणत्या प्रकारच्या माहितीवर चुकेल आणि ती चूक कशी कळेल, असे विचारावे. ज्याने निर्णय घेतला आहे त्याला हे सांगता येते, मग ओळी कोणाच्या बोटांतून आलेल्या असोत.

व्यवहारात यासाठी समित्यांना फार काही उलथापालथ करावी लागणार नाही. कामाचे परीक्षण त्याच्या मूळ रूपात व्हावे. परीक्षकाला कागदावर छापलेली पडद्याची चित्रे देण्यात येऊ नयेत, आणि ज्याला कोड वाचता येत नाही अशा परीक्षकाच्या जोडीला ज्याला तो येतो असा दुसरा परीक्षक असावा, जसे एखादी भाषा न येणाऱ्या एकट्या परीक्षकाकडे त्या भाषेतील प्रबंध आपण सोपवत नाही. त्या कामाविषयी वेगळा शोधनिबंध लिहिला असेल तरच गुण, ही अट काढावी. तिच्यामुळे एकाच कामाचे दोनदा लेखन होते आणि मूळ काम न तपासलेलेच राहते. अर्जातील टक्केवारीच्या जागी योगदानाचे निवेदन घ्यावे, आणि ते काम सुरू होताना लिहिलेले व टप्प्याटप्प्याने सुधारलेले असेल तर त्याला अधिक वजन द्यावे. हे निवेदन बहुतेक वेळा प्रकल्पप्रमुख लिहितो, आणि विद्यार्थी, कंत्राटी प्रोग्रॅमर व ग्रंथपाल यांच्या हाती ते अर्ज निकाली निघाल्यावरही पडत नाही. म्हणून निवेदनाची प्रत सर्व सहकाऱ्यांना दाखवली होती का, आणि त्यांपैकी कोणी त्यावर आक्षेप नोंदवला का, हे दोन प्रश्न पुढील अर्ज-नमुन्यात घालावेत, आणि नोंदलेला आक्षेप अर्जदाराच्या उत्तरासह परीक्षकांपर्यंत पोहोचवावा, अशी माझी मागणी आहे.

आपली विश्वासू,
पाठसंपादन व सॉफ्टवेअर-विकास यांत काम करणारी एक संशोधक